फार्मसीच्या मुलाखतीत समोर बसलेला विद्यार्थी : माझा अनुभव

कोल्हापुरात बी.फार्म.ला जायचं तर मुलाखत हा शब्दच कुठं येत नाही. एमएचटी-सीईटी द्यायची, कागदपत्रं तपासून घ्यायची, कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, ऑप्शन फॉर्म भरायचा आणि सीट लागली की कॉलेजात जाऊन फी भरायची. आपल्या वतीनं पर्सेंटाइल बोलतो. म्हणून ब्रिटनमधल्या एमफार्मसाठी (तिथं हा बारावीनंतरचा चार वर्षांचा कोर्स आहे) अर्ज केल्यावर मुलाखतीचा मेल आला की घरात सगळे एकच विचारतात, प्राध्यापक काय विचारतील? प्राध्यापकांच्या शेजारी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला एखादा विद्यार्थी बसलेला असेल आणि गुणांचा तक्ता त्याच्याही हातात असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. ही मुलाखत मी आधी उमेदवार म्हणून दिली आणि आता विद्यार्थी म्हणून घ्यायला बसते. राजारामपुरी, शिवाजी पेठेतल्या घरांतून यंदा जी पोरं हा अर्ज भरणार आहेत, त्यांना या विद्यार्थ्याची नीट ओळख असावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी मुलाखत का असते ते. ब्रिटनमध्ये फार्मसीच्या शिक्षणावर जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची देखरेख असते. त्यांच्या २०२१ च्या निकषांनुसार नुसत्या गुणांवर प्रवेश देता येत नाही, उमेदवाराशी प्रत्यक्ष संवाद होईल असा टप्पा निवडीत असावाच लागतो. अमेरिकेतल्या फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीच्या मान्यतेसाठी २०१६ साली आलेल्या निकषांतही मुलाखत होतीच. कारण उघड आहे. २०२६ पासून ब्रिटनमध्ये नव्यानं नोंदणी होणारा फार्मासिस्ट पहिल्या दिवसापासून स्वतः औषध लिहून देऊ शकणार आहे. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ ला फार्मसी फर्स्ट ही योजना सुरू झाल्यापासून घसादुखी, नागीण, बायकांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींसाठी पेशंट थेट दुकानात येतो. त्याच्याशी नीट बोलता येतं का, हे बारावीच्या मार्कलिस्टवर छापलेलं नसतं.

विद्यार्थी या दिवशी पाच वेगवेगळी कामं करतात: स्वागत, रोलप्ले, गणिताच्या टप्प्यावर वेळ बघणं, गुण देणं आणि शेवटची प्रश्नोत्तरं. आपल्यासमोर कोणत्या कामाचा विद्यार्थी आहे हे ओळखणं निम्मी तयारी आहे.

पहिला भेटतो तो स्वागताचा विद्यार्थी. ऑनलाइन मुलाखत असेल तर प्रतीक्षेच्या खोलीत तोच असतो. नाव विचारतो, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतो, आवाज येतोय का बघतो. गुण देणं त्याच्याकडं नसतं आणि तो छुपी परीक्षाही घेत नसतो. तो खरंच तुमची धडधड कमी करायला बसलेला असतो. पण कुणी त्याच्याशी उद्धट वागलं, किंवा वडील मागून उत्तरं सांगताना दिसले, तर ते त्याला समन्वयकांच्या कानावर घालावंच लागतं. आपल्याकडं घरची मंडळी काळजीपोटी खोलीत थांबतात, हे मी समजू शकते. तरीही त्यांना बाहेर बसवा आणि दार लावून घ्या.

प्रत्यक्ष मुलाखत पुष्कळ ठिकाणी एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) पद्धतीनं होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं वैद्यकीय प्रवेशासाठी ही पद्धत काढली. एका लांब मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या टप्प्यांची साखळी असते. दारावरची किंवा स्क्रीनवरची सूचना वाचायला एक-दोन मिनिटं, बोलायला पाच ते आठ मिनिटं, घंटा वाजली की पुढं. प्रत्येक टप्प्यावर गुण देणारा वेगळा, आणि आधी काय झालं हे त्याला माहीत नसतं. म्हणून एक टप्पा बिघडला तर तो तिथंच सोडून द्या. बिघडलेला टप्पा डोक्यात घेऊन पोरं पुढच्या दोन टप्प्यांचंही नुकसान करून घेतात.

आता रोलप्ले, कारण कोल्हापूरची पोरं सगळ्यात जास्त इथंच अडखळतात. पेशंटच्या किंवा गिऱ्हाइकाच्या भूमिकेत बहुतेक वेळा विद्यार्थी असतो. त्याला एक कार्ड दिलेलं असतं: तू कोण, पहिलं वाक्य काय बोलायचं, आणि विचारलं तरच काय सांगायचं. समजण्यापुरतं एक उदाहरण मी इथंच रचते. कार्डावर लिहिलंय, "मी घाईत आहे. धाकट्या बहिणीसाठी खोकल्याचं चांगलं कडक औषध हवं." खाली, फक्त विचारल्यास: बहीण तीन वर्षांची आहे, आईनं सकाळीच सर्दीचं दुसरं सिरप पाजलंय, रात्री तिला श्वास घेताना घरघर होत होती. हे तीन धागे बाहेर काढण्यासाठी औषधशास्त्र यावं लागत नाही. "बहिणीचं वय किती? आधी काही दिलंय का? अजून काय त्रास होतोय?" एवढं विचारलं की सगळं बाहेर येतं. आणि नंतर "हे मी वरिष्ठ फार्मासिस्टना दाखवते, दोन मिनिटं थांबाल का?" असं म्हणणं हे उत्तम उत्तर आहे.

होतं काय, घरचं किंवा नात्यातलं मेडिकल असलेला उमेदवार लगेच सिरपचं नाव सांगून मोकळा होतो. काउंटरवर त्याला तीच सवय लागलेली असते: गिऱ्हाईक म्हणालं "ताप आहे" की हात डोलोच्या पट्टीकडं जातो. भूमिकेतल्या विद्यार्थ्याला कार्डावरचं काहीच सांगायची वेळ येत नाही, घरघर कार्डावरच राहते, आणि गुण तिथंच जातात. दुसरं टोक म्हणजे भाषण. अँटिबायोटिकचा गैरवापर कसा वाईट यावर तीन मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोलायचं आणि समोरचा माणूस घाईत आहे, वैतागलाय, हे बघायचंच नाही. विद्यार्थ्याला रागावून बोलायची सूचनाच असू शकते. तो चिडला की आपण चूक केली असं समजू नका. त्याचा राग एका वाक्यात मान्य करा आणि पुढचा प्रश्न विचारा.

मेडिकलमध्ये बसल्याचा अनुभव सांगण्यासारखा जरूर आहे, फक्त जपून सांगा. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. बारावीतला मुलगा "मी पेशंटना अँटिबायोटिक देत होतो" म्हणाला की समोरून शांतपणे प्रश्न येतो, "तेव्हा तिथं फार्मासिस्ट कोण होते?" त्यापेक्षा जे बघितलं ते सांगा. शेड्यूल एच-वन ही कडक नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी २०१४ च्या मार्चपासून लागू आहे. त्यातलं औषध दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरला चढवावी लागते, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. ही नोंद का ठेवतात, गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय आलं तर फार्मासिस्टनं त्याला काय सांगितलं, तो कसा परत गेला, हे शांतपणे सांगितलं तर "लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची आहे" या पाठ वाक्यापेक्षा ते कितीतरी वजनदार ठरतं. ते पाठ वाक्य गुण देणाऱ्यांनी त्या दिवसात अनेकदा ऐकलेलं असतं. दुकानाची ओळख नसेल तर सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीजवळ अर्धा तास उभं राहून लोक काय विचारतात ते ऐका. तेही पुरतं.

गणिताच्या टप्प्यावर विद्यार्थी फक्त वेळ बघायला असतो, मदत करत नाही. अनेक ठिकाणी कॅल्क्युलेटर नसतो. गणितं सातवी-आठवीची असतात, घात होतो तो एककांमध्ये. बाळाचं वजन १२ किलो, डोस किलोमागं १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल तर ७.५ मिली द्यायचं. आपल्याकडं ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचंही सिरप मिळतं. त्यातलं ७.५ मिली दिलं तर बाळाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम, दुपटीहून जास्त. बाटलीवरची तीव्रता आधी वाचायची, ही सवय त्यांना बघायची असते. टक्केवारीचं एक गणित हमखास करून ठेवा: ०.९ टक्के सलाइनच्या ५०० मिलीत मीठ किती? १०० मिलीत ०.९ ग्रॅम, म्हणून ४.५ ग्रॅम. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट धरतात.

आता गुण देणारा विद्यार्थी. सगळ्या विद्यापीठांत तो नसतो, पण जिथं असतो तिथं त्याला आधी प्रशिक्षण दिलेलं असतं. कोणत्या उत्तराला किती गुण याचं वर्णन तक्त्यात लिहिलेलं असतं. प्राध्यापक आणि विद्यार्थी आपापले गुण आधी स्वतंत्र लिहितात, मगच एकमेकांशी बोलतात. प्रवेश द्यायचा की नाही हा निर्णय विद्यार्थी एकटा घेत नाही. त्याची नजर मात्र वेगळी असते. पुढची चार वर्षं प्रयोगशाळेत, गटाच्या प्रकल्पात असा माणूस शेजारी असेल तर काम होईल का, हे प्राध्यापकापेक्षा त्याला लवकर कळतं. म्हणूनच "गटात काम करताना मतभेद झाला तेव्हा काय केलंत?" हा प्रश्न पुष्कळदा विद्यार्थ्याच्या तोंडून येतो. "आमच्यात कधीच मतभेद झाले नाहीत" हे उत्तर वाया जातं. गणेश मंडळाची वर्गणी असो, कॉलेजच्या प्रदर्शनातलं मॉडेल असो, भांडण खरं सांगा आणि त्यात स्वतःची चूक कुठं होती तेही सांगा. उत्तर देताना नजर प्राध्यापकाकडंच ठेवायची आणि प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडं बघायचंच नाही, ही आपल्याकडची मोठ्यांना मान द्यायची रीत इथं उलटी पडते. ज्यानं विचारलं त्याच्याकडं बघून बोला.

एक गोष्ट मनापासून सांगते. समोरचा विद्यार्थी आडनावावरून मराठी वाटला तरी "तुम्ही कोल्हापूरच्या का?" असं मराठीत सुरू करू नका. ओळखीचा उमेदवार आला तर आम्हाला ते आधी जाहीर करावं लागतं आणि बाजूला व्हावं लागतं. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते, म्हणून मुलाखतीआधी व्हॉट्सअॅपवर "ताई, यंदा प्रश्न काय आलेत?" असं विचारलं तर आमचं उत्तर नाहीच असतं. गावाकडच्या माणसाला नाही म्हणताना फार जड जातं. त्याऐवजी सराव करून घ्या म्हणा, कितीही वेळ देऊ. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलताना वाक्य कुठं तुटतं हे सरावातच दिसतं. मित्राला कार्ड लिहून द्या, मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा, रंकाळ्यावर बसून करा.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं विद्यार्थ्यांशी मोकळ्या प्रश्नोत्तरांची असतात, प्राध्यापक उठून जातात. इथं गुण नसतात, पण तुमचे लाखो रुपये कुठं जाणार आहेत हे कळण्याची हीच जागा. वेबसाइटवर असलेलं विचारू नका. प्लेसमेंटला, म्हणजे दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात काम शिकायला, किती लांब जावं लागतं आणि बसभाडं कोण देतं? डोसच्या हिशेबाच्या परीक्षेत पास व्हायला किती गुण लागतात आणि नापास झालं तर पुन्हा संधी कितीदा? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, पण प्रॅक्टिकल आणि प्लेसमेंट सांभाळून त्यातले खरे किती जमतात? पहिल्या वर्षी बाहेरच्या देशातली मुलं कोणत्या विषयात अडकतात? या प्रश्नांची खरी उत्तरं विद्यार्थीच देतो, आणि बहुतेक वेळा खरीच देतो.

वेळेचा घोळ टाळा. हिवाळ्यात आपण ब्रिटनच्या साडेपाच तास पुढं असतो, म्हणजे तिथले सकाळचे दहा हे आपले दुपारचे साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढं जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो. मग तेच दहा आपले अडीच. या एका तासानं मुलाखत चुकू शकते. बारावीची प्रात्यक्षिकं त्याच दिवशी आली तर वेळापत्रकाचा फोटो लावून प्रवेश कार्यालयाला लगेच मेल करा. तारीख बदलणं त्यांच्या हातात असतं, स्वागताच्या विद्यार्थ्याच्या नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवा, आणि मध्येच लाइट गेली तर कोणत्या नंबरवर कळवायचं ते कागदावर लिहून ठेवा.

ऑफरनंतर काही विद्यापीठं आणखी एक मुलाखत घेतात, तिला क्रेडिबिलिटी इंटरव्ह्यू म्हणतात. ती व्हिसासाठी असते. पैसे कुठून येणार, हाच देश का, हाच कोर्स का, एवढंच. तिथं विद्यार्थी नसतात आणि रोलप्लेही नसतो. एजंटांच्या बोलण्यात कधीकधी या दोन्हींची सरमिसळ होते आणि पोरं बँकेच्या स्टेटमेंटची उत्तरं पाठ करून एमएमआयला येऊन बसतात. मेलमध्ये कोणता शब्द लिहिलाय ते आधी नीट वाचा, शंका आली तर विद्यापीठालाच विचारा.