गोदामातल्या ताई आणि कार्बनचा डॅशबोर्ड

आजचा अख्खा दिवस पुरवठा साखळीच्या कार्बन हिशेबात गेला. कंपनीचं स्वतःचं इंधन आणि विकत घेतलेली वीज मोजणं त्यातल्या त्यात सोपं. खरा गुंता ‘स्कोप ३’चा, म्हणजे कंपनीच्या बाहेर पण तिच्या धंद्यामुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा: कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या वस्तूचा वापर, तिची विल्हेवाट... जीएचजी प्रोटोकॉल (हरितगृह वायूंचा हिशेब कसा ठेवायचा याची आंतरराष्ट्रीय नियमावली) याच्या २०११ च्या मानकात याचे १५ प्रकार आहेत.

हा हिशेब मांडणारं आमचं नवं सॉफ्टवेअर देखणं आहे, वादच नाही. पण त्यातले बरेच आकडे म्हणजे खर्चावरून बांधलेले अंदाज. पुरवठादाराने भाव वाढवला की कागदावर आमचं उत्सर्जनही वाढतं, माल तेवढाच! आणि त्याने कोळसा सोडून स्वच्छ इंधन वापरलं, तर स्क्रीनवर ढिम्म काही हलत नाही. त्याच्याकडून खऱ्या वीजबिलांचे आकडे मिळवायचे तर फोन करून, समजावून, गोडीगुलाबीने. ते खरेदी विभागातली माणसंच करतात.

मजा आली ती गोदामात. गाडी किती भरली हे सिस्टीम वजनावरून सांगत होती. लोडिंग बघणाऱ्या ताई म्हणाल्या, “वजन सोडा, खोकी उघडून बघा. अर्धी हवाच आहे.” खोकं लहान केलं तर त्याच गाडीत जास्त माल, म्हणजे फेऱ्या कमी.

एक मात्र खटकतं. खरेदीवाल्यांचं मूल्यमापन अजून फक्त भावावर होतं. मग कमी उत्सर्जनाचा पण थोडा महाग पुरवठादार कोण निवडेल? हे निकष बदलायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, असं मीटिंगमध्ये बोललो. पुढच्या आढाव्यात विषय घेणार म्हणे. बघू.