'+=' दिसतंय, '-=' कुठे आहे?

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतलं डेलिगेट म्हणजे मेथड (कॉल करता येणारा कोडचा तुकडा) धरून ठेवणारं ऑब्जेक्ट. मेथड स्टॅटिक (म्हणजे कुठल्या एका ऑब्जेक्टची नसलेली) नसेल, तर ती ज्या ऑब्जेक्टची आहे त्याचा रेफरन्सही 'टार्गेट' या प्रॉपर्टीत असतो. पुढची बरीचशी डोकेदुखी या टार्गेटचीच.

इव्हेंट हा डेलिगेटच्या दारावरचा पहारेकरी. नुसतं पब्लिक डेलिगेट फील्ड ठेवलं, तर बाहेरचा कुणीही एक '=' लिहून आधी जोडलेले सगळे हँडलर (इव्हेंट घडला की धावणाऱ्या मेथड) उडवू शकतो. इव्हेंट केलं की बाहेरच्याच्या हाती उरतं फक्त '+=' (हँडलर जोडणं) आणि '-=' (काढणं).

आता समजा, शेअरचे भाव आणणारी एक सर्व्हिस आहे. ॲप चालू असेपर्यंत ती जिवंत. भाव दाखवणारी विंडो उघडताना सर्व्हिसच्या इव्हेंटला '+=' करते आणि बंद होताना काहीच करत नाही. विंडो पडद्यावरून गेली, पण सर्व्हिसच्या डेलिगेटने तिला टार्गेटमध्ये धरून ठेवलंय, म्हणून गार्बेज कलेक्टर (न लागणाऱ्या ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करणारा) तिला हात लावत नाही. दहा वेळा उघडून बंद करा. मग एक भाव बदलला की दहा हँडलर धावतात, तेही बंद विंडोंचे! लॉगमध्ये एकच ओळ दहादा दिसली, तर आधी इथेच बघावं. स्टॅटिक इव्हेंट असेल तर '-=' केल्याशिवाय सुटकाच नाही.

विंडोने स्वतःच्याच बटणाच्या क्लिकला जोडलेला हँडलर मात्र काढला नाही तरी चालतं. दोघं एकदमच जातात. प्रश्न तेव्हाच येतो, जेव्हा इव्हेंटचा मालक ऐकणाऱ्यापेक्षा जास्त जगतो.

'-=' लिहूनही फसगत होते. जोडताना लॅम्ब्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची मेथड) दिली आणि काढताना तीच अक्षरशः पुन्हा टाइप केली, तर ते वेगळं डेलिगेट ठरतं. काहीच निघत नाही, आणि एरर येत नाही की एक्सेप्शन. लॅम्ब्डा व्हेरिएबलमध्ये ठेवा, नाहीतर सरळ नाव असलेली मेथड द्या.

कुणीच जोडलेलं नसेल तर इव्हेंट नल (रिकामा) असतो आणि तसाच इन्व्होक (कॉल) केला तर एक्सेप्शन येतं. सी शार्प ६ पासून (२०१५) '?.' लावून इन्व्होक केलं की ते भागतं. पण पाचांपैकी दुसऱ्या हँडलरने एक्सेप्शन फेकलं, तर उरलेल्या तिघांपर्यंत निरोपच जात नाही. तो जायलाच हवा असेल, तर 'गेट इन्व्होकेशन लिस्ट'वर (जोडलेल्या हँडलरांच्या यादीवर) लूप फिरवून प्रत्येकाला वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये कॉल करावं लागतं.