श्रीखंडाचा डबा आणि नऊ पानं

आमच्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा टाकला की आई तो कचऱ्यातून परत काढते. त्यामुळे भांडुपच्या वन बीएचकेत माणसांना जागा कमी, पण डबे, 5 लिटरचे तेलाचे कॅन आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या भरपूर. मागच्या नवरात्रात म्हटलं आता बास, आणि 2 लिटरच्या बाटल्या आडव्या धरून वरून कापल्या, तळाला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली आणि नायलॉनच्या दोरीने खिडकीच्या ग्रिलला एकाखाली एक लटकवल्या. आत माती कमी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत जास्त, कारण ओल्या मातीचं वजन ग्रिलला झेपतं, दोरीला नाही (कसं कळलं ते विचारू नका).

वाटतं की वरच्या बाटलीत पाणी घातलं की झिरपत झिरपत सगळ्यांना मिळेल. मिळतं पण, फक्त वरची दुपारपर्यंत कोरडी ठक्क आणि सगळ्यात खालची म्हणजे दलदल. म्हणून वर मेथी, मधे लेट्यूस आणि तळाला पुदिना, तो चिखलातही खुश असतो. मेथीला बियाणं आणायला नको, मिसळणाच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवले की झालं, बोटभर वाढली की मुळासकट उपटायची, बाजारात वाळूतली समुद्रमेथी मिळते ना छोट्या जुड्यांची, तशीच, पण दाताखाली कचकच नाही.

लेट्यूसने मात्र छळलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलं, एक दाणा उगवला असेल तर शपथ. मग कळलं की पारा तिशीच्या वर गेला की हे बी झोपूनच राहतं, शिवाय त्याला उजेड लागतो, खोल गाडायचं नाही, नुसतं भुरभुरवायचं. शेवटी ओल्या टिशूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. आई म्हणाली, "आता बियांना पण एसी लागतो का रे?"

जानेवारीत पहिली तोडणी, बाहेरची पानं काढायची, मधला कोंब ठेवायचा. मोजून नऊ पानं! आईने त्यावर दाण्याचं कूट, लिंबू, साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली, आता ह्याला सॅलड म्हणा नाहीतर कोशिंबीर, बाबांनी वाटी पुसून खाल्ली. फेब्रुवारी संपताना झाडांनी मधूनच उंच दांडा काढला आणि पान कडू झालं, सीझन खलास.

ह्या सगळ्यात आल्या खालच्या मजल्यावरच्या काकू. पुदिन्यातून गळणारं तांबूस पाणी थेट त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर. काकू वर आल्या, बोलायचं ते बोलल्या, आणि मला मुहूर्त सापडायला आणखी आठ-दहा दिवस गेले. मग शेवटच्या बाटलीखाली श्रीखंडाचा डबा अडकवला, साचलेलं पाणी रोज परत वर ओतायचं, नाहीतर डास. दोन-तीन दिवसांनी काकूंचा फोन. "अरे, पाणी का बंद केलंस? ओवा सुकतोय माझा."

ग्रिलमधून वाकून बघितलं तर चादर केव्हाच आत गेलेली, बरोबर धारेखाली ओव्याची कुंडी आणि पानं ही एवढी, माझ्या लेट्यूसला लाजवतील अशी.

डबा काढला, धुतला आणि आईला परत दिला.