शेवटचा हप्ता अल्बममध्ये अडकतो

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं वर्ष तुळशीच्या लग्नापासून सुरू होतं आणि आषाढीला थांबतं. पुढचे चार महिने बारशी आणि वाढदिवस. दुकानाचं भाडं मात्र बाराही महिने. घरखर्च धरून महिन्याला 35,000 लागत असतील, तर सीझन संपण्याआधी 1,40,000 वेगळ्या खात्यात पडलेले हवेत.

60,000 ची ऑर्डर म्हणजे 60,000 ची कमाई नव्हे. समजा, जोडीचा फोटोग्राफर 6,000, व्हिडिओवाला 10,000, अल्बम 9,000, एडिटिंग 5,000, गाडी-जेवण 3,000. उरले 27,000. त्यातूनच कॅमेऱ्याची झीज काढायची. 1,80,000 ची बॉडी चार वर्षांनी 60,000 ला जाईल असं धरलं, तर महिन्याला 2,500 बाजूला. हे सगळेच विसरतात, आणि हप्ते फिटतात न फिटतात तोच शटर बोंबलतं!

खरी गोची उधारीची. अल्बमच्या वेळी 30% ठेवले की मेलेच. नवरा-नवरी 150 फोटो निवडायला सहा महिने लावतात, तोवर पैसे अडकलेले. त्यापेक्षा बुकिंगला 40%, हळदीच्या सकाळी 50%, छपाईआधी 10%. आणि ‘30 दिवसांत निवड आली नाही तर बाकी रक्कम द्यावी लागेल’ हे व्हॉट्सॲपवर आधीच लिहून घ्यावं.

कंपनीच्या कामात टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला जातो. तो 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत, दिसतोय का बघा. कापलेला जास्तीचा कर रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा नफ्यावर नाही, वर्षाच्या उलाढालीवर मोजतात. व्हिडिओवाल्याला दिलेले 10,000 सुद्धा त्यात आले.