मीस नव्हती, पण ड्रमसेट होता

परवा पर्वरीला एका हॉलमध्ये यू-टू या आयरिश रॉक बँडच्या गाण्यांवरची प्रार्थना बघून आलो. ऑफिसातला मित्र लग्नांच्या रिसेप्शनला बँडमध्ये बास वाजवतो, त्याने बोलावलेलं, "यो मरे, बरें आसतलें". स्टेजवर ड्रमसेट, दोन गिटारी, कीबोर्ड आणि मध्ये टेबलावर मेणबत्त्या न् बायबल.

ही मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नव्हती हां, आधीच सांगतो. कॅथलिक मीसमध्ये असली गाणी चालत नाहीत, म्हणून पोरांनी हॉल घेऊन नुसती प्रार्थनासभा ठेवली, वाचन, गाणं, परत वाचन. मूळ कल्पना अमेरिकेतली, तिथल्या एपिस्कोपल चर्चमधली, म्हणजे अँग्लिकन लोकांची. यू-टू अधिक युकरिस्ट (म्हणजे मीसच), म्हणून यूटूकरिस्ट म्हणतात. तिकडे कम्युनियनसकट, म्हणजे भाकरी-वाइनच्या प्रसादासकट, पूर्ण सर्व्हिस असते, फक्त नेहमीच्या भक्तिगीतांच्या जागी यू-टू, आणि दान जायचं गरिबी, रोगराईविरुद्धच्या कामाला, संयुक्त राष्ट्रांनी २०१५ पर्यंतची जी आठ उद्दिष्टं ठरवलेली त्यांना धरून.

यू-टूच का, तर त्यांचा गायक बोनो, त्याची आई प्रॉटेस्टंट, बाप कॅथलिक, आणि तेही डब्लिनमध्ये, त्यामुळे देवाशी भांडण त्याच्या गाण्यांत पहिल्यापासून आहे. १९८७ च्या 'द जोशुआ ट्री'मधलं ते प्रसिद्ध गाणं घ्या, सगळं मानतो पण जे शोधतोय ते अजून सापडलं नाही असं म्हणणारं. आता आमचा तुकोबा दुसरं काय करतो? मी डिचोलीचा, भजनात वाढलेला, मला हे गाणं प्रार्थनेत अजिबात खटकलं नाही.

खटकला तो ड्रमर. पोरगा चांगला वाजवतो पण एवढ्या जोरात की लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येईना, दोन-तीन गाणी झाल्यावर सगळे नुसते बघत उभे, म्हणजे शेवटी कॉन्सर्टच झाला की. भजनात मुख्य गवई कितीही मोठा असो, ओळ टाळकऱ्यांकडे परत जातेच, ती गेली नाही तर ते भजन नव्हे, मैफल.

'४०' लागलं तेव्हा मात्र मजा आली. हे १९८३ च्या 'वॉर' अल्बममधलं शेवटचं गाणं, बायबलातल्या चाळिसाव्या स्तोत्रावरून केलेलं. यू-टू कितीतरी वर्षं कॉन्सर्ट याच गाण्याने संपवायचे, एकेक जण वाजवायचं थांबून निघून जायचा आणि लोक गातच राहायचे. या पोरांनीही तेच केलं, आणि ड्रम थांबल्याबरोबर मागच्या बायका, बहुतेक कुठल्यातरी क्वायरमधल्या, त्यांनी असा सेकंड व्हॉइस, म्हणजे चालीला जोडून दुसरा सूर, लावला की बस्स. गोव्यात ते जमणारच, पोर्तुगीज काळापासून गावोगावच्या इगर्जींच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांत पोरांना सोल्फा (तिकडची सरगम) आणि व्हायोलिन शिकवत आलेत, मुंबईच्या सिनेमांचे अर्धे ऑर्केस्ट्रा तिथूनच भरले.

घरी मोठ्या भावाला सांगितलं तर म्हणाला, "देवाच्या दारात कसला रे रॉक?" म्हटलं दादा, आपल्या देवळात अभंग नाट्यगीतांच्या चालीवर जातात तेव्हा तू पहिल्या रांगेत मान डोलवत असतोस. आणि इगर्जीचं म्हणाल तर फादर स्टीफन्स नावाच्या जेझुइट पंथातल्या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, रायतूरला १६१६ मध्ये छापून निघाली, कारण नव्या ख्रिस्तींच्या कानात पुराणांची ओवीच बसलेली. लोकांच्या कानातलं उचलायचं, हा धंदा जुनाच आहे. उलट बाजूने १९०३ मध्ये दहाव्या पायस पोपनी इगर्जीत पियानो आणि ड्रम वाजवायला सरळ बंदी केलेली, त्यातल्या ड्रमपुरतं माझं मत परवापासून पोपच्या बाजूचं आहे. दादा हसला नाही, पण गप्प बसला.

मित्राला मेसेज टाकलाय, पुढच्या वेळी ड्रमच्या जागी आपलं मातीचं घुमट घ्या, नाहीतर निदान काहोन, ती वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी, आणि पडद्यावर गाण्याचे शब्द जरा मोठे टाका, मागे बसलेल्यांना ओ का ठो दिसत नव्हतं. त्याचा रिप्लाय आला, "ड्रमराक तूंच सांग".