दहा वजा नऊ

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. सायकलवाल्याने पाना खाली ठेवला की समजावं, आता काम थांबलं, भाषण सुरू.

"परत सांग. गिअर नीट करायचेत?"

"नाही काका. काढायचेत."

"सगळे?"

"एक ठेवायचा."

त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या झाडाला टेकवलेल्या दूधवाल्याच्या सायकलकडे बोट केलं. "ती बघ. तिला एकच आहे. कंपनीतूनच काढून आलेत बाकीचे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

सायकल मुळात दादाची. १९८६ साली त्याला पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तिसऱ्या पगारात त्याने ती आणली, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी विद्यार्थ्याकडून, साडेआठशे रुपयांना. नॉटिंगहॅमची रॅले. एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर, ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना घोडा. वडील जिना उतरून आले, सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अर्धी आणलीस. बाकीची कधी मिळणार?"

पण तिला दहा गिअर होते! पुढे दोन चक्रं, मागे पाच. आमच्या आळीत तोवर गिअर स्कूटरला असतात एवढंच ठाऊक. मी दहा वर्षांचा होतो. कॅरिअर नसल्यामुळे मला पुढच्या दांडीवर बसावं लागे, आणि तिथून सगळा कारभार दिसे. गिअर बदलायच्या दोन कड्या हँडलवर नव्हत्या. खालच्या तिरक्या नळीवर, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली होत्या. चढ आला की दादाचा उजवा हात हँडलवरून सुटायचा, माझ्या गुडघ्याला घासून खाली जायचा आणि कडी बोटभर मागे ओढायचा. मागे थोडी खडखड, मग एक 'खट्', आणि दादाचे पाय एकदम हलके होऊन भराभर फिरू लागायचे. चढ तोच, माणूस तोच, दांडीवरचं माझं ओझंही तेच. त्या कडीला हात लावायची मला परवानगी नव्हती. एकदा लावला होता. चेन उतरली, दादा हात काळे करून बसला आणि मला उरलेल्या वाटेने चालायला लावलं.

पुढे मला सायकल मिळाली ती साधी, काळी, बावीस इंची. गिअरचा हट्ट मी बरेच दिवस चालवला. वडिलांचं ठरलेलं उत्तर असे, "गिअर पोटात असतो. वरणभात घे अजून."

दादा लग्नानंतर नाशिकला गेला. सायकल राहिली. मागच्या गिअरची स्प्रिंग तुटली, सुटा भाग कुठे मिळेना. आधी वाड्याच्या जिन्याखाली, मग वाडा पाडून बिल्डिंग झाल्यावर पार्किंगच्या कोपऱ्यात, अशी तिने काही तपं काढली. गेल्या वर्षी सोसायटीने 'बेवारस वाहने' अशी नोटीस लावली तेव्हा मी तिच्यावरची धूळ झटकली. खाली हिरवा रंग तसाच होता.

जगभर लोक जुन्या रेसर सायकलींचे गिअर उतरवून त्यांना एकगिअरी करतात हे मला तोवर वाचून माहीत झालं होतं. कारण सोपं आहे. गिअर बिघडतात, सांगाडा बिघडत नाही. शिवाय जुन्या सायकलला मागच्या चाकाचा एक्सल बसतो ती खाच आडवी असते. नव्या गिअरच्या सायकलींची बहुधा उभी. आडव्या खाचेत चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभ्या खाचेत तेवढी जागाच नसते, मग चेन ताणायला वेगळं उपकरण लावावं लागतं. दादाच्या सायकलला खाच आडवी. म्हणजे तिची तयारी पहिल्यापासूनच होती, असं मी काकांना पटवायचा प्रयत्न केला.

"तयारी तुझी दिसतेय," ते म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

दोन कड्या, दोन केबली, पुढचा आणि मागचा गिअर, बाहेरचं बावन्न दात्यांचं मोठं चक्र. सगळं निघालं. पाच चक्रांची जुनी फ्री, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारा मागचा भाग, मात्र निघेना. रात्रभर रॉकेलमध्ये मुरवली, दुसऱ्या दिवशी फ्री सोडवायचा पुलर व्हाइसमध्ये आवळून चाक वरून बसवलं आणि काकांनी आणि मी ते दोन्ही बाजूंनी धरून एसटीचं स्टिअरिंग फिरवावं तसं फिरवलं. तिसऱ्या झटक्याला असा आवाज आला की मला वाटलं आरे तुटले. फ्री सुटली होती. निघालेलं सगळं सामान मी घरी आणून बायको चिरोट्यांचं माप करते त्या काट्यावर ठेवलं. एक किलो दोनशे ग्रॅम. काटा नंतर साबणाने धुवावा लागला आणि तो विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

नवी फ्री मात्र काकांनी डब्यातून काढून दोन मिनिटांत चढवली. सोळा दात्यांची, लहान मुलांच्या सायकलला लागते ती. नॉटिंगहॅमचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि लुधियानाची फ्री, आटे एकाला एक जुळले. इंग्रज गेले, आटे राहिले. आपल्या साध्या सायकलींचं माप अजून त्यांचंच.

आता हिशेब. पुढे राहिलेलं चक्र चाळीस दात्यांचं, मागे सोळा. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक अडीच वेळा फिरणार. या आकड्यावर पोचायला मी दोन संध्याकाळी कागद घेऊन बसलो होतो. बेचाळीस-सतरा की चाळीस-सोळा, सेनापती बापट रस्त्याचा चढ निघेल का, उतारावर पाय किती पळतील, वगैरे. सगळं ठरलं, मनासारखं झालं, आणि मग सहज म्हणून मी माळ्यावर ठेवलेल्या वडिलांच्या ॲटलसचे दात मोजले. पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. भागाकार २.४४. तिचं चाक जरा मोठं, त्यामुळे एका फेऱ्यात ॲटलस जेवढी पुढे जाते आणि माझी ही नवी कलाकृती जेवढी पुढे जाते, त्यात वीतभरसुद्धा फरक नाही.

हे मी काकांना सांगितलं नाही.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. सायकल छान चालत होती, महिनाभर मी ती ऑफिसला नेली. पण एकगिअरीच्या पुढे एक पायरी असते, आणि ती वाचून ठेवलेली असली की चैन पडत नाही. फिक्स्ड. म्हणजे फ्रीच नाही. मागचं चक्र हबला घट्ट. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, म्हणजे पाय फिरणार. लहान मुलांची तीनचाकी तशीच असते, पायडल थेट चाकालाच जोडलेलं. आईचं शिलाई मशीनही तसंच होतं. आपण पाय थांबवला तरी चाकाच्या वेगाने पायटा खाली-वर होत राहतो आणि तळव्याला हलकेच ढकलतो. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या खास ट्रॅकवर, शर्यती होतात त्या याच सायकलींवर, आणि त्यांना तर ब्रेकही नसतात.

'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज हे गृहस्थ या बाबतीत फार कडवे. गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे, आपल्याला फिक्स्डच द्या, असं त्यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी शर्यत सुरू झाली आणि गिअर बदलणारं यंत्र तिच्यात अधिकृतपणे आलं ते थेट १९३७ साली, देग्रांज यांनी सूत्रं खाली ठेवल्यावर. तोवर स्पर्धक काय करत? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, पुन्हा निघायचं. देग्रांज यांच्या नियमाने मी गिअर वापरायला पात्र होऊन चार वर्षं झालीत. नेमका आत्ताच मी ते काढत होतो.

मी मागवलेलं चाक याच जातीचं निघालं. एका बाजूला फ्रीचे आटे, दुसऱ्या बाजूला फिक्स्डचे. फिक्स्डच्या बाजूला चक्र सुलट्या आट्यांवर बसतं आणि त्याच्यावर एक कडं उलट्या आट्यांवर. काकांना ते कडं फार आवडलं. पायांनी वेग रोखायला गेलं की चक्र सैल व्हायला बघतं, पण सैल होताना ते कड्याला फिरवू पाहतं आणि कडं उलट्या आट्यांचं असल्यामुळे अजूनच आवळलं जातं. "चोराच्याच हातात कुलूप," काका म्हणाले. दादाच्या सायकलमध्ये मागे मोकळी जागा १२० मिलिमीटर आणि या हबची रुंदीही १२०, त्यामुळे चाक ठोकाठोक न करता बसलं. फक्त ते नव्या मापाचं, जुन्या सत्तावीस इंचीपेक्षा ८ मिलिमीटरने लहान. ब्रेकची रबरं ४ मिलिमीटर खाली घ्यावी लागली. पुढचं चाक जुनंच, म्हणजे सायकल आता कायम अगदी किंचित चढावर उभी असते. पुण्यात ते शोभतं.

चाक आवळून झाल्यावर काकांनी सायकल मागून उचलली आणि पायडल उलटं फिरवलं. चाक उलटं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. चेहरा बदलला.

"अरे, ही तर सर्कशीतली सायकल!"

मग कळलं की काका पंधरा वर्षांचे असताना गावात सर्कस आली होती. तिच्यात एक मुलगी सायकल उलटी चालवायची, हात सोडून. काकांनी तीन खेळ पाहिले आणि चौथ्या दिवशी ज्या दुकानात ते पोऱ्या होते तिथली एक फ्री वेल्डिंगने जाम करून घेतली. सायकल मालकाची होती. उलटी किती गेली? "मालक येईपर्यंत," काका म्हणाले. एकूण, मी ज्यासाठी परदेशी हब मागवला ते काम काकांनी साठ वर्षांपूर्वी वेल्डिंगच्या एका ठिपक्यात उरकलं होतं.

पहिल्या दिवशी पहाटे सहाला निघालो. पहिला स्पीडब्रेकर आला. चाळीस वर्षांची सवय अशी की स्पीडब्रेकर दिसला की पायडलं समपातळीत आणून थांबवायची, बूड जरा उचलायचं आणि सायकलला खालून जाऊ द्यायचं. मी पाय थांबवले. सायकलने थांबवले नाहीत. तिने मला मागून उचललं, एखाद्या उर्मट बैलाने उचलावं तसं, आणि पुढे ठेवून दिलं. पडलो नाही, पण दूध आणायला निघालेल्या एका आजोबांनी थांबून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

सिग्नलला वेगळीच गंमत. साध्या सायकलवर पाय टेकून उभं राहिलं की पायडल उलटं फिरवून हव्या त्या जागी आणता येतं. हिचं येत नाही. सीट धरून मागचं चाक उचलायचं, पायडल वर आणायचं, मग ठेवायचं. कर्वे रोडच्या सिग्नलला मी रोज असा सायकलला नमस्कार करायला लावतो. वळताना आतलं पायडल खाली येतं आणि तेव्हा फार झुकलं तर ते रस्त्याला घासतं. सेनापती बापट रस्त्याच्या उतारावर ताशी चाळीसचा वेग घेतला तर पाय मिनिटाला सव्वाशे फेरे मारतात. तिथे मी ब्रेक धरून, मान खाली घालून उतरतो. दोन्ही ब्रेक ठेवलेत. ब्रेक काढून फिरणारे शूर लोक असतात, त्यांना माझा दुरून नमस्कार. लेंगा घालून तर ही सायकल अजिबात चालवू नये. चेनमध्ये कापड गेलं तर साध्या सायकलवर पाय थांबवता येतात. इथे चेन थांबेपर्यंत पाय तिच्या मागे जातो.

मग कशाला, असं बायकोने विचारलं. दिवस पंधरा गेले की पाय शिकतात. गर्दीत ब्रेकला हात न लावता, नुसती पायांची रग जरा रोखून धरली की सायकल मंदावते. पाव इंच मंद, अर्धा इंच मंद, असं मोजून करता येतं. चढावर पायडल अगदी वर आलं की पायाचा जोर लागत नाही, त्या जागेतून चाक स्वतःच पायाला ओढून नेतं.

एका गोष्टीची मात्र उणीव भासते. फ्रीचा आवाज. वडील संध्याकाळी वाड्याच्या बोळात शिरले की पाय थांबवायचे आणि ॲटलस किर्र किर्र करत दारापर्यंत यायची. तेवढ्या आवाजात आम्ही पत्ते गोळा करून पुस्तकं उघडायचो. ही सायकल बोळात काही न बोलता शिरते. हिच्यावरून वडील आले असते तर रोज पकडले गेलो असतो.

गणपतीत दादा आला. साठीचा झालाय, गुडघ्याला पट्टा असतो. पार्किंगमध्ये त्याने सायकल पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग वाकून तिरक्या नळीवर, जिथे कड्यांचा पट्टा होता तिथे रंगाचा एक गडद गोल राहिलाय, त्यावर अंगठा फिरवला.

"टाकून दिलेस?"

"डब्यात आहेत. सगळे."

"चालते?"

मी पाना आणला आणि चाक उलटं करून फ्रीच्या बाजूने बसवून दिलं. त्याच्या गुडघ्याची आणि त्या बैलाची गाठ घालून देण्यात अर्थ नव्हता. तो दूर्वा आणायला म्हणून निघाला. पंधरा मिनिटांनी परत आला तेव्हा मी गेटपाशी उभा होतो. आमच्या गल्लीचा शेवटचा टप्पा चढाचा आहे. चढ लागला तसा त्याचा उजवा हात हँडलवरून सुटला, खाली गेला, नळीपाशी जरा चाचपडला आणि परत वर आला. मग तो सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत आला.

दूर्वांची पिशवी माझ्या हातात दिली. घाम पुसला.

"पुढचा ब्रेक ढिला आहे," म्हणाला.