हाँगकाँग: चार दिवसांत आठ खेपा

माझं माहेर उरणचं. कॉलेजची पाच वर्षं मोरा बंदरातून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि संध्याकाळी तशीच परत. त्यामुळे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हाँगकाँगला जायचं ठरलं तेव्हा ह्यांच्या यादीत डोंगर, ट्राम, रोषणाई असं बरंच काही होतं. माझ्या यादीत एकच नाव होतं, स्टार फेरी, म्हणजे तिथलं बंदर ओलांडणारी प्रवासी बोट.

जाणं तसं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करून तो कागद जवळ ठेवायचा. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. विमानतळावरून दुमजली बस धरली, वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली, आणि त्सिंग मा पुलावरून खाली उभ्या मालवाहू बोटी दिसल्या तसे हे एकदम गप्प झाले. आयुष्यभर बोटींच्या इंजिनांवर काम केलेला माणूस. बोट दिसली की ह्यांचं बोलणं थांबतं.

आमचं हॉटेल कौलून बाजूला, म्हणजे बेटासमोरच्या काठावर, मोदी रोडच्या जवळ. हे मोदी म्हणजे सर होरमसजी मोदी, मुंबईहून तिकडे गेलेले पारशी व्यापारी. हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला पैसा दिला तो यांनी. आणि ज्या फेरीसाठी मी इतक्या लांब आले होते, तीही एका पारशाचीच. दोराबजी नवरोजी यांनी १८८८ साली कौलून फेरी कंपनी काढली, तिचंच नाव १८९८ मध्ये स्टार फेरी झालं. हे वाचून गेले होते, तरी धक्क्यावर उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. आपल्या मुंबईकडचा माणूस इथे येतो, लोकांना पाण्यापलीकडे न्यायला लागतो, आणि सव्वाशेहून जास्त वर्षं ती खेप चालूच राहते.

पहिल्याच संध्याकाळी गेलो. धक्क्याशेजारी १९१५ चा घड्याळाचा मनोरा आहे, ४४ मीटर उंच. जुनं रेल्वे स्टेशन पाडलं, हा एवढा ठेवला. फेरीबोट हिरवी-पांढरी, दुमजली, आणि प्रत्येक बोटीच्या नावात तारा. आम्हाला ‘मॉर्निंग स्टार’ मिळाली. दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे बोट वळवावी लागत नाही. मग बसणाऱ्यांनी काय करायचं? लाकडी बाकाची पाठ धरून पलीकडे लोटायची, खट्ट, की तोंड पुढच्या दिशेला. माझ्यापुढे एक आजी आल्या, हातातली भाजीची पिशवी न ठेवताच एका हाताने पाठ लोटली आणि बसल्या. वर्षानुवर्षांची सवय होती ती. मोऱ्याच्या लाँचमध्ये कोळणी टोपली कुठे ठेवायची ते न बघताच ठेवतात, अगदी तशी.

दहाएक मिनिटांत पलीकडचं बेट येतं. बोट धक्क्याला लागताना हे उठून कठड्याशी गेले. निळ्या खलाशी गणवेशातला, पिकल्या केसांचा एक माणूस धक्क्यावर आकड्याची लांब काठी घेऊन उभा. दोर आला तसा त्याने तो आकड्यात धरला, ओढला, लोखंडी खुंट्यावर फास टाकला आणि मागे सरकला. घाई नाही की आरडाओरडा नाही. “हात बघितलास?” हे म्हणाले. त्या दिवशी तो हात पुन्हा बघायला मिळावा म्हणून आम्ही लगेच परत आलो आणि पुन्हा गेलो.

डोंगरावर दुसऱ्या दिवशी गेलो. पीक ट्रामही १८८८ चीच, इतकी उभी चढते की खिडकीतून इमारती कलंडलेल्या वाटतात. वर मार्चचं दाट धुकं, समोरचा कठडासुद्धा धड दिसेना. अर्धा तास थांबलो आणि उतरलो. रात्री आठची इमारतींवरची रोषणाई पाहिली, छान होती.

खरी रमले मी बेटावरच्या शेउंग वान भागात. इथली दुमजली ट्राम १९०४ पासून धावते. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे. तिच्या घंटेवरून लोक तिला ‘डिंग डिंग’ म्हणतात. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, माझे सासरे तिच्या गोष्टी फार जिवाने सांगायचे. त्यांची आठवण काढतच बसलो होतो, तेवढ्यात उघड्या खिडकीतून वास आला आणि मी उठूनच उभी राहिले. सुकटीचा वास! उतरलो, तर रस्ताभर सुक्या मासळीची दुकानं. पोत्यांतून सुकी कोळंबी, सुके कालव, शिंपल्यांचे पिवळे गर, आणि वर टांगलेल्या माशांच्या पोटातल्या पिशव्या. आपल्याकडे घोळ मिळाली की कोळी वाड्यात आनंद होतो तो याच पिशवीसाठी, आणि तिला मागणी असते ती इथे. दुकानदारीण बाईंना इंग्रजी येत नव्हतं, मला कँटोनीज. त्यांनी कोळंबी माझ्या तळहातावर ठेवली, मी वास घेतला, मोडून बघितली, मान डोलावली. त्या हसल्या. पाव किलो घेतली.

शेजारच्या टपरीवजा हॉटेलात दुधाचा चहा प्यायलो. काळा कडक चहा लांब कापडी पिशवीतून गाळतात. आजीच्या चहाच्या फडक्याची आठवण झाली.

एक गोष्ट मात्र चारही दिवस मनात घोळत होती. इथे बंदराखालून मोटारींचा बोगदा १९७२ लाच झाला, पुढे मेट्रोही आली. तरी फेरी आहे, तिच्यावर रोजची माणसं आहेत. आमच्याकडे जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, उरणची लोकलही सुरू झाली. दोन्ही हवेच होते. रात्री-अपरात्री दवाखाना गाठताना काय हाल व्हायचे ते आम्ही भोगलंय. पण मोऱ्याची लाँच चालू राहिलीच पाहिजे. धक्का नीट बांधा, ओहोटीला लाँच अडवणारा गाळ काढा, बसायला सावली द्या. लोक येतील.

शेवटच्या रात्री आठवी खेप केली, खालच्या मजल्यावरून. तिथे इंजिनाची धडधड पायाला लागते. हे डोळे मिटून ऐकत होते. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, दिवे दाखवले, उंच इमारती दाखवल्या. तिने ते पाहिलं न पाहिलं केलं.

“आता भरती आहे का गं तिकडे?”

“माहीत नाही आई. इथे ओहोटीलाही बोट चालते.”

“रोज?”

“रोज.”

“मग बरंय बाई त्यांचं,” ती म्हणाली, आणि मला कॅमेरा परत पाण्याकडे फिरवायला लावला.